आईला सांगितलेला शेवट

आयुष्यात मी एकच गोष्ट रचली, तीसुद्धा अख्खी नाही, फक्त शेवटचं दीड पान. बाकीची गोष्ट अमेरिकेतल्या एका काळ्या बाईने लिहिलेली होती. तिचं नाव मला कधीच कळलं नाही, कारण पुस्तकाचं कव्हर आणि पहिली चार पानं माझ्या हातात यायच्या आधीच गळून गेली होती. माझ्या त्या दीड पानाला ऐकणारी एकटी माझी आई. ते कुठे छापून आलं नाही, कुणी वाचलं नाही, पण त्याने आमच्या घरात जे करायचं ते केलं. हे प्रकरण लिहायचं मी फार वर्षं टाळलं. दरवेळी कागद पुढे ओढायची आणि मग भाजी आणायला निघून जायची. आता जिच्या पुढे मान वर करायची लाज वाटायची तीच राहिली नाही, तेव्हा लिहून टाकते एकदाचं.

तेव्हा आम्ही वसईजवळच्या गोखिवऱ्यात राहायचो. चाळीतली शेवटून दुसरी खोली, आणि मागच्या भिंतीला लागून गाळे. गाळे म्हणजे छोटे कारखाने. एकात कुलपांचे भाग, एकात प्लास्टिकच्या बादल्या, एकात काय चालायचं ते आम्हाला कधी कळलं नाही, नुसता वास यायचा. आमच्या भिंतीमागे पत्रा कापायचं मशीन होतं. ते धाडकन खाली आलं की आमच्या मांडणीवरची भांडी किणकिणायची. सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत धाड-किण, धाड-किण. पाहुणे दचकायचे, आम्ही नाही. उलट सुट्टीच्या दिवशी मशीन बंद असलं की आप्पा दुपारच्या झोपेतून उठून बसायचे आणि म्हणायचे, "काय झालं गं? एवढं गप का झालं?" आप्पा तिथल्याच एका गाळ्यात चमच्यांना पॉलिश मारायचे. घरी यायचे ते कपाळापासून नखांपर्यंत काळे होऊन. मी कॉलेजातनं काळ्यांची ती पुस्तकं आणायला लागल्यापासून त्यांना एक गंमतच सापडली होती. दारात उभे राहून ओरडायचे, "बघ गं सुनीता, तुझ्या पुस्तकातला माणूस आला! त्याला पानी दे!" आणि स्वतःच मोठ्याने हसायचे. तरुणपणी ते मोर्च्यांना जायचे. तिकडच्या काळ्या पोरांचं नाव घेऊन इकडे आम्हीही घसा फोडला होता, असं कधीतरी सांगायचे, पण पुढे काय झालं विचारलं की पॉलिशच्या धुळीने खोकला यायचा.

आई साताऱ्याकडची, माणदेशातली. वसईत वीस वर्षं काढली तरी तिच्या जिभेवरून माण गेला नाही आणि चुलीवरून हुलग्याचं माडगं गेलं नाही. पण शेजारच्या सुमनमावशीमुळे ती सुकट करायला शिकली, बोंबील भाजायला शिकली, आणि मावशी तिच्याकडून खरडा शिकली. सुमनमावशी कोकणातली. आमच्यातली नव्हे, हे आम्हालाही ठाऊक, तिलाही ठाऊक, पण दोन्ही घरांमध्ये वाटी रोज फिरायची. "शेवंता, तुझ्या हाताक काय चव आसा गो, माझो घोव आता माझ्या हातचा खाणा नाय," असं ती भर ओट्यावर सांगायची आणि आई लाजून पदराने तोंड पुसायची. आईला आयुष्यात अभिमान फक्त या एका गोष्टीचा होता. शिक्षण नाही, रूप नाही, माहेर नाही. पण हाताला चव आहे, हे तिने मनात पक्कं धरलं होतं. भिंतीवर आमच्या सगळ्या घरांतून असतात ते दोन फोटो होते. सणासुदीला केलेल्या गोडाची पहिली वाटी ती त्या फोटोंसमोर ठेवायची आणि चव बघितल्याशिवाय ठेवते म्हणून आप्पा तिला चिडवायचे. "मला न बघता कळतंय," ती म्हणायची.

त्या सुमाराला शाळांमध्ये पोरांना घरी न्यायला तांदूळ द्यायचं बंद झालं आणि शाळेतच शिजवून खिचडी द्यायची, असं निघालं. आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये एक हेडमास्तर राहायचे. त्यांची शाळा कामणच्या अलीकडच्या एका गावात होती. गावाचं नाव लिहीत नाही, काय करायचंय. गावातल्या बायका एवढ्याशा मानधनात शंभर पोरांचं रांधायला तयार नव्हत्या, म्हणून गुरुजी आईला विचारायला आले. आमच्या ओट्यावर बसून त्यांनी पोहे खाल्ले, दुसऱ्यांदा मागून घेतले. आईने हो म्हणायच्या आधीच नवीन लुगडं काढलं. तिला एका वेळी शंभर माणसं जेवणार याचंच कौतुक. शेअर रिक्षाने हायवे ओलांडून जायची आणि येताना उद्याच्या वाट्याचा तांदूळ पिशवीत घालून आणायची, कारण तो सरकारी तांदूळ म्हणजे अर्धे खडे आणि अर्धे टोके-किडे, आणि शाळेत निवडायला वेळ मिळायचा नाही.

तर आमची संध्याकाळ अशी असायची. ओट्यावर आई सूप घेऊन बसायची, शेजारी स्टीलचं ताट. खडा सापडला की ताटात टाकायची, टण्ण. मी तिच्यासमोर पुस्तक घेऊन बसायची आणि इंग्रजी वाचत वाचत तोंडाने मराठीत सांगायची. माझा अभ्यास व्हायचा, तिची करमणूक. गोष्ट रंगली की खड्यांचा आवाज थांबायचा, आणि मग आई एकदम भानावर येऊन म्हणायची, "वाच की मेले, तांदूळ पडलाय अजून एवढा."

ही पुस्तकं मला परेरा मिसनी दिली. मिस आम्हाला कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. त्या इथल्याच, समुद्राकडच्या वाडीतल्या. वर्गात इंग्रजी झाडायच्या आणि फोनवर आपल्या आईशी त्यांच्या घरच्या बोलीत अशा भांडायच्या की आम्हाला एक अक्षर कळायचं नाही. त्यांनी अभ्यासक्रमातली दोन पुस्तकं झटपट उरकली आणि आम्हाला अमेरिकेतल्या काळ्यांचं साहित्य वाचायला लावलं. आधी गुलामीतून पळून आलेल्यांनी स्वतःची कहाणी लिहिली, का, तर आम्हीही माणसं आहोत हे सिद्ध करायला. मग त्यांच्या पोरांनी कविता केल्या, नातवांनी कादंबऱ्या लिहिल्या. आणि हे सगळं वाचत वाढलेली माणसं एक दिवस हॉटेलात, बसमध्ये, नको त्या खुर्चीवर जाऊन बसली आणि उठेनात. मिस म्हणायच्या, "रस्त्यावर बसायच्या आधी ती माणसं पुस्तकात बसली होती, लक्षात ठेवा." मी एवढी भारावले होते की वहीच्या पुठ्ठ्यावर ते वाक्य लिहून ठेवलं. वर्गात आम्ही चौघी-पाच जणीच ऐकायचो, बाकीचे कॅंटीनमध्ये. एक दिवस मिसनी ते कव्हर फाटलेलं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "हे तू वाच. तुला ओळखीचं वाटेल." मला जरा रागच आला. माझ्या आडनावाकडे बघून दिलं की काय, असं वाटलं. पण वाचलं.

ती एका स्वयंपाकिणीची गोष्ट होती. दक्षिणेतल्या एका लहान गावात गोऱ्यांचं हॉटेल, आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत तीस वर्षं त्यांच्यासाठी पाव भाजणारी, मटण शिजवणारी ही बाई. पुढच्या खोलीत पाय ठेवायची तिला परवानगी नाही. आई ऐकत होती, आणि एकदम तिचा हात सुपातच थांबला.

"म्हंजी गोरी मान्सं हिच्या हातचं खायाची?"

"हो की. तीस वर्षं."

"तिनं मळलेलं, तिनं भाजलेलं?"

"अगं हो म्हणते ना! गोऱ्यांची पोरंसुद्धा काळ्या बायांनीच वाढवली तिकडे. त्यांच्या हातचं खाऊनच मोठी झाली."

आई माझ्याकडे बघतच राहिली, आणि मग हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं बया! मंग त्यास्नी काय दुख व्हतं?" माझा असा संताप झाला! मी तिला समजावलं की मारायचे, जाळायचे, झाडाला लटकवायचे. ते ऐकून तिने चार-पाच खडे टाकले, आणि हळूच म्हणाली, "ते बी हितं हाय की. पर हातचं खात व्हते म्हन्तीस." मिसच्या सगळ्या लेक्चरांत मला जे कळलं नव्हतं ते या बाईने सूप पाखडता पाखडता बोट ठेवून दाखवलं. मी दुसऱ्या दिवशी ते मिसना सांगितलं तर त्यांनी आपल्या वहीत टिपून घेतलं.

आई असं का म्हणाली, ते मला त्या दिवशी पुरतं कळलं नव्हतं. शाळेत काय चाललं होतं ते तिने घरी सांगितलंच नव्हतं. शाळेत पहिला आठवडा बरा गेला. पोरं पोट भरभरून जेवली. दुसऱ्या आठवड्यात एक म्हातारी शाळेच्या कुंपणापाशी येऊन उभी राहिली आणि गोड आवाजात विचारलं, "बाय, तू कोनाची? तुमचा गाव कंचा, आडनाव काय?" आईने सांगितलं. न सांगायला काय झालं? सोमवारी चाळीस पोरं जेवली. मंगळवारी पंधरा. गुरुवारी कुणीच नाही. कुणाच्या पोटात दुखत होतं, कुणाला उपास होता, दुसरीतल्या पोरांना उपास! बाकीच्यांनी घरून डबा आणला होता. कुणी वाईट बोललं नाही. कुणी भांडलं नाही. आई म्हणायची, एकाने शिवी दिली असती तर मी दोन दिल्या असत्या. पुस्तकात निदान दारावर पाटी होती, काळ्यांनी आत येऊ नये म्हणून. इथे पाटीच नव्हती, तर फाडायची काय? शंभर पोरांची खिचडी रोज दुपारी शाळेच्या मागे ओतली जायची आणि गावातल्या म्हशी येऊन खायच्या. त्यांच्या दुधाचा चहा सगळं गाव प्यायचं.

एक दिवस तिने ती खिचडी ओतली नाही. डब्यात भरून, रिक्षात मांडीवर घेऊन घरी आणली. आमच्यासमोर डबा ठेवला आणि तेव्हा सगळं सांगितलं. आप्पा हात न धुताच बसले आणि खायला लागले, काळ्या हातांनी, खाली मान घालून. "भारी झालीया," एवढंच म्हणाले. नेमकी त्याच संध्याकाळी पुस्तकाची शेवटची पानं उरली होती. आई म्हणाली, "वाच. तिचं काय झालं ते तरी बघू."

काय झालं होतं ते मी कॉलेजातच वाचून ठेवलं होतं. ती बाई एके दुपारी कमरेचा ॲप्रन काढते, मधलं दार उघडून पुढच्या खोलीत येते आणि खिडकीजवळच्या टेबलावर बसते. कुणी तिला हाकलत नाही. कुणी बोलतच नाही. गिऱ्हाइकं एकेक करून उठतात, टोप्या घालून निघून जातात. मॅनेजर तिच्या आजूबाजूच्या टेबलांवर खुर्च्या उलट्या घालून ठेवतो आणि दिवा मालवतो. ती बराच वेळ बसून राहते, मग उठते आणि सवयीने मागच्याच दाराने बाहेर पडते. पुढच्या महिन्यात ती दुसऱ्या गावात, दुसऱ्या कुणाच्या तरी भटारखान्यात पाव भाजत असते. संपलं पुस्तक. मिस म्हणाल्या होत्या की या शेवटात खोटं काही नाही, म्हणून तो मोठा.

मी पुस्तक उघडलं. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. सूप मांडीवर होतं, पण हात हलत नव्हता. आणि मी, अक्कल गहाण टाकलेली मी, ओळींवरून बोट फिरवत भलतंच सांगायला लागले. ती बाई टेबलावर बसली, म्हणाले, आणि तिने समोरची खुर्ची ओढून रिकामी ठेवली. रोज यायची, बसायची, खुर्ची ओढून ठेवायची. मग एक दिवस कोपऱ्यातला एक म्हातारा गोरा, तीस वर्षं तिच्या हातचा पाव खाल्लेला, आपली ताटली घेऊन उठला आणि तिच्या समोर येऊन बसला. मग दुसरा उठला. मग एक बाई पोराला घेऊन उठली. शेवटी मॅनेजरने स्वतः तिला पाणी आणून दिलं. माझंच मला पटलं.

आईने मोठा श्वास सोडला. "एक उठला की बाकीचे उठत्यात," ती म्हणाली, आणि तांदूळ निवडायला लागली.

मला वाटलं, झालं, बाईला बरं वाटलं, आता झोपेल. दुसऱ्या दिवशीपासून आईने शाळेच्या व्हरांड्यात, सगळ्यांना दिसेल अशा जागी, बैठक मारली. खिचडी झाली की स्वतःचं ताट वाढून घ्यायची आणि समोर दुसरं ताट ठेवायची, स्वच्छ पुसलेलं, रिकामं. सावकाश जेवायची. पोरं लांब उभी राहून बघायची. घरी आली की सांगायची, "आज न्हाय आलं कोन. यील." मी तिला तेव्हा सांगायला हवं होतं. चार वेळा तोंड उघडलं. पण खरं सांगते, त्या ताटाने मी खुळावले होते. काळ्यांचं साहित्य आणि हक्कांचा विचार या विषयावर मला मोठा निबंध लिहायचा होता आणि माझ्या स्वतःच्या आईने पुस्तकातून उचलून ते सगळं शाळेच्या व्हरांड्यात आणून मांडलं होतं. निबंधाचा शेवटचा परिच्छेद मी त्या रिकाम्या ताटावरच लिहिला. ते ताट ज्या खुर्चीवरून आलं ती पुस्तकात नव्हतीच, मीच घातलेली होती, हे कुणाला सांगणार?

गुरुजी वाईट माणूस नव्हते. भित्रे होते. एका रविवारी ते आमच्याकडे आले आणि चहा नको म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं. "शेवंताबाई, मी मार्ग काढलाय," ते म्हणाले. "तुम्ही निवडणं-टिपणं करा, भांडी बघा. चुलीपाशी या सुमनताई उभ्या राहतील. त्यांना मी विचारलंय. मानधनात काही फरक नाही. लोकांचं तोंड बंद होईल." सुमनमावशी दारात उभी होती, पदर दाताखाली धरून, आणि आईकडे बघत नव्हती. आप्पा म्हणाले, "घे की. काम टिकंल. काय वाईट हाय त्यात?" आई माझ्याकडे वळली. तिला पुस्तक वाचणारीचं मत हवं होतं. मी म्हणाले, "नाही घ्यायचं. हे म्हणजे तुला मागच्या दाराने आत घेतल्यासारखं आहे." केवढी शहाणी! आईने मान हलवली आणि गुरुजींना म्हणाली, "अजून थोडं थांबा, गुरुजी. एक जन यील. एक आला की बाकीचे येत्यात." गुरुजींनी हात जोडले आणि गेले.

आणि एक जण आलं. दुसरीतली एक पोर, भारती नावाची, नाक सतत वाहणारी. एका दुपारी ती सरळ चालत आली आणि त्या रिकाम्या ताटासमोर मांडी घालून बसली. आईने ताट पुन्हा एकदा पदराने पुसलं. तिने वाढलं, वर तेलाची धार सोडली. पोरीने मिटक्या मारत खाल्लं, आणखी मागितलं. आई त्या संध्याकाळी रिक्षातून उतरली ती जवळजवळ पळतच आली. "आलं गं! एक आलं! आता बघ!" तिने शिरा केला. आप्पांना सांगितलं, चाळीत सांगितलं, सुमनमावशीलासुद्धा वाटी नेऊन दिली. मी मात्र माझी वाटी तशीच झाकून ठेवली. मला वाटलं, माझा खोटाच शेवट खरा होतोय की काय. त्या एका रात्री मी देवाधर्मावर विश्वास नसताना हात जोडले.

दुसऱ्या दिवशी भारती आली नाही, तिसऱ्या दिवशी तिची आई आली. कुंपणाबाहेरच उभी राहिली, आत आली नाही. आईने घरी येऊन तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले, कारण ते तिला विसरताच येईनात. "बाय, तुजा काय वाईट नाय. पन आमाला या गावान रायचा हाय. पोरीचे आजाने तिला मारला. दोन दिस पानी बी नाय पिली. मी पाया परते तुजे, माजे पोरीला नको घेव तुज्यान." आणि तिने खरंच वाकून कुंपणाच्या तारेखालून हात घातला, आईच्या पायाला लावायला. आई सांगत होती आणि आपल्या पायाकडे बघत होती. भारतीला मामाच्या गावच्या शाळेत घातलं. आईने त्यानंतर दुसरं ताट मांडलं नाही.

पंधरा दिवसांनी शाळेच्या समितीने ठराव केला. स्वयंपाकाचं काम गावातल्या बायकांच्या बचत गटाकडे द्यावं, आणि हाताखाली माहीतगार म्हणून सुमनमावशीला घ्यावं. त्या ठरावात जातीचा शब्द नव्हता, कसा असेल? कारण लिहिलं होतं की सध्याच्या मदतनीस बाईंच्या जेवणास चव नसल्याने विद्यार्थी जेवत नाहीत. गुरुजींनी वाचून दाखवलं आणि आईने खाली सही केली. सही तेवढी तिला येत होती, मीच शिकवली होती. घरी येऊन ती भांडी घासायला बसली. मी चिडून म्हणाले, "सही का केलीस? भांडायचं होतं!" ती म्हणाली, "लिवलंय ते खरं बी असंल. चव असती तर एक तरी पोर टिकलं असतं की. आन् त्या बाईच्या हातचं लोकांनी तीस वर्सं खाल्लं, म्हून तर उठलं ना कोन तरी." मी तिथेच उभी होते, तिच्यापासून दोन हातांवर. पाण्याचा आवाज येत होता, भिंतीमागे मशीन धाड-किण करत होतं. एवढं एक वाक्य बोलायचं होतं, की आई, कुणी उठलं नव्हतं. मी घासलेली भांडी उचलून मांडणीवर लावायला लागले.

माझा निबंध कॉलेजात पहिला आला. मिसनी शेवटच्या परिच्छेदाखाली लाल पेनाने 'ब्युटिफुल' लिहिलं. बक्षीस म्हणून जाडजूड डिक्शनरी मिळाली, ती अजून माझ्या टेबलावर आहे. पुढे मी शिकवायला लागले. दरवर्षी पोरं उत्तरपत्रिकेत लिहितात की काळ्यांच्या साहित्याने हक्कांच्या लढ्याला विचार दिला, माणसं जागी केली, जग बदललं. चूक नाही त्यात काही. मी पूर्ण गुण देते आणि पुढचा पेपर घेते. जागं झालेल्या माणसाचं दुसऱ्या दिवशी दुपारी काय होतं, हा प्रश्न पेपरात नसतो, आणि असता तर मलाही उत्तर आलं नसतं.

आई मग बादल्यांच्या गाळ्यात पॅकिंगला जायला लागली. सुमनमावशीशी तिने भांडण केलं नाही, वाटी मात्र फिरायची थांबली. आणि तिला एक खोड लागली. जेवायला वाढलं की पहिला घास आमच्या तोंडात जायच्या आत विचारायची, "मीठ बरोबर हाय न्हवं?" रोज. दोन्ही वेळा. न बघता कळतं म्हणणारी ती बाई, आता चार-चार वेळा चमच्याने तळहातावर घेऊन चाखायची, आणि तरी विचारायची. आप्पा करवादायचे, "हाय गं बाई, हाय! रोज काय इचारतीस?" मीही वैतागायची. पाहुण्यांसमोर विचारायची तेव्हा तर लाजच वाटायची मला. खिचडी तिने घरात परत कधी केली नाही.

आप्पा गेले, चाळ पडली, आम्ही विरारला फुलपाड्यात आलो. शेवटच्या आजारात आई खिडकीजवळच्या कॉटवर असायची. एका सकाळी मी तिचे केस विंचरत होते. मधेच तिने विचारलं, "ती हाटेलातली बाई आठवती का गं तुला? काय हात असंल तिचा! गोरा मानूस ताट घिऊन उठला." तिच्या आवाजात कौतुक होतं. मत्सर असता तर मी सहन केला असता. मी कंगवा खाली ठेवला आणि सांगून टाकलं. सगळं. खुर्च्या उलट्या घातल्या, दिवा मालवला, ती मागच्या दाराने गेली. म्हातारा नव्हता, खुर्ची नव्हती, ते सगळं मी रचलं. मी रडत होते, ती नव्हती.

तिने कपाळावर आलेले केस मागे सारले. मग म्हणाली, "म्हंजी तिच्याकडं बी कोन उठलं न्हवतं."

"नाही, आई."

"आन् मी इतकी वर्सं म्हन्तीया, खिचडीतच माझं काय तरी चुकलं." तिने माझा हात शोधून धरला. "आदी सांगायचंस की, पोरी." आणि डोळे मिटले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मला वाटलं, उशिरा का होईना, तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. दुपारी मी मऊ खिचडी केली. आमच्या घरात इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मुद्दाम केली, तिला विचारून केली. उशीला टेकवून बसवलं आणि पहिला चमचा तिच्या तोंडाजवळ नेला. तिने तो जिभेवर घोळवला, गिळला, आणि माझ्या तोंडाकडे भेदरून बघत विचारलं, "मीठ बरोबर हाय न्हवं?"

खिचडी मी केली होती. मी म्हणाले, "बरोबर आहे, आई."